इलेक्ट्रिक गिटारच्या तारा: गेज निवडण्यापासून स्वर टिकण्यापर्यंत

नव्या तारा चढवल्यावर गिटार तासाभरात उतरली, की दोष तारांना तरी जातो नाहीतर खुंट्यांना. बहुतेक वेळा खोट असते ती खुंटीवर दिलेल्या वेढ्यांत, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत किंवा ब्रिजच्या (बॉडीवरच्या तारांच्या आधाराच्या) मागच्या स्प्रिंगांत. तार एका टोकाने मान ओढते, दुसऱ्या टोकाने ब्रिज ओढते आणि मधल्या भागात पिकअपवर, म्हणजे आवाज पकडणाऱ्या चुंबकावर, कंप पावते. तिची जाडी बदलली की या तिन्ही ठिकाणी थोडं थोडं काम निघतं. तारा ‘बदलणं’ दहा मिनिटांचं काम आहे, पण वेगळ्या जाडीचा सेट चढवायचा असेल तर दोन तास मोकळे ठेवा.

गेज आणि ताण

तारेची जाडी, म्हणजे गेज, इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. ‘दहाची तार’ म्हणजे ०.०१० इंच, मिलिमीटरमध्ये ०.२५४. सेटला नाव पडतं ते पहिल्या म्हणजे सर्वांत बारीक आणि सहाव्या म्हणजे सर्वांत जाड तारेवरून. नेहमी लागणारे सेट असे:

९–४२: ९, ११, १६, २४, ३२, ४२
१०–४६: १०, १३, १७, २६, ३६, ४६
१०–५२: १०, १३, १७, ३०, ४२, ५२
११–४९: ११, १४, १८, २८, ३८, ४९

लांबी आणि स्वर तोच ठेवला तर तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून नवाची पहिली तार काढून दहाची लावली तर एकट्या त्या तारेचा ताण सुमारे २३ टक्के चढतो. २५.५ इंची गिटारवर नेहमीच्या ट्यूनिंगला ९–४२ चा पूर्ण सेट मानेवर साधारण ३९ किलोचा ताण देतो, १०–४६ चा साधारण ४७ किलोचा. ही आठ किलोंची भर मानेला आणि ट्रेमोलोच्या (दांड्याने हलवता येणाऱ्या ब्रिजच्या) स्प्रिंगांना चांगलीच जाणवते.

नट ते सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) ही लांबी, म्हणजे स्केल, इथे विसरू नका. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टरचा स्केल २५.५ इंच, ६४८ मिलिमीटर. गिब्सनच्या लेस पॉलचा २४.७५ इंच समजला जातो. ताण लांबीच्या वर्गावरही अवलंबून असल्याने तोच सेट लेस पॉलवर सुमारे सहा टक्के सैल लागतो. स्ट्रॅटवर नऊ आणि लेस पॉलवर दहा वापरणारे इतके का भेटतात, ते यावरून कळतं. दोन्हींच्या मधलं हवं असेल तर साडेनवाचे सेटही मिळतात.

ट्यूनिंग खाली उतरवून वाजवणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावं. सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या की ताण ११ टक्के कमी होतो, पूर्ण स्वराने उतरवल्या की जवळपास २१ टक्के. दहाच्या जागी अकराची तार घेतली तर ताण २१ टक्के वाढतो. दोन्ही एकत्र धरले तर मूळ ताणाच्या ९६ टक्के उरतात. म्हणजे पूर्ण स्वराने उतरवलेल्या गिटारवर अकराचा सेट हाताला जवळपास तसाच लागतो, जसा नेहमीच्या ट्यूनिंगला दहाचा. फक्त सहावी तार डी वर उतरवायची असेल तर संपूर्ण सेट जाड करण्यात अर्थ नाही. १०–५२ त्यासाठीच आहे: बारीक तीन तारा नेहमीच्याच, उरलेल्या तीन आणखी जाड.

नव्याने शिकणाऱ्याने फेंडर स्केलवर ९–४२ आणि गिब्सन स्केलवर १०–४६ घ्यावा. बोटं दुखतात म्हणून आणखी बारीक सेट शोधण्याआधी तारांची उंची तपासा. नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कोणतीही तार जडच लागते, आणि जोराने दाबल्यामुळे स्वर चढाही येतो.

तिसऱ्या तारेबद्दल एक गोष्ट. जाड तारांच्या पोलादी गाभ्यावर बारीक तारेची गुंडाळी असते. वरच्या सेटमध्ये ती गुंडाळी नसलेली, साधी आहे. अकराच्या पुढच्या जाड सेटमध्ये मात्र गुंडाळलेली तिसरी तार मिळते. तिचा स्वर खालच्या फ्रेट्सवर जास्त खरा लागतो, पण ती ओढून वाकवणं कठीण जातं. बेंड करणाऱ्यांनी साधी घ्यावी, कॉर्ड आणि जॅझ वाजवणाऱ्यांनी गुंडाळलेली.

धातू

बारीक तीन तारा बहुतेक सगळ्या सेटमध्ये सारख्याच असतात: कथिलाचा मुलामा दिलेलं पोलाद. पाकिटावर लिहिलेला धातू हा जाड तारांच्या गुंडाळीचा असतो. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद हा सर्वसाधारण पर्याय, काही ठरत नसेल तर तोच घ्या. शुद्ध निकेलचा आवाज मवाळ. स्टेनलेस स्टील खणखणीत वाजतं आणि घामाने लवकर खराब होत नाही, पण नेहमीच्या निकेल-सिल्व्हर फ्रेट्स ते जास्त झिजवतं. पातळ लेप दिलेल्या तारा महाग असल्या तरी हाताला खूप घाम येणाऱ्यांना त्या परवडतात. फ्लॅटवाउंडमध्ये गुंडाळी चपटी असते, बोट सरकल्याचा आवाज येत नाही आणि स्वर गोल, दबका निघतो.

अकूस्टिक गिटारचा ब्राँझचा सेट इलेक्ट्रिकवर चढवू नका. पिकअप लोहचुंबकावर चालतो, ब्राँझची गुंडाळी त्याला जाणवतच नाही. ऐकू येतो तो फक्त आतल्या पोलादी गाभ्याचा आवाज, त्यामुळे जाड तारा मरगळलेल्या आणि साध्या तारा अंगावर येणाऱ्या वाटतात.

पाकिटावर ‘राउंड कोअर’ लिहिलं असेल तर लक्षात ठेवा: गाभा गोल असल्याने गुंडाळी त्याच्यावर नुसती ताणाने धरलेली असते. अशी तार खुंटीत वाकवण्याआधी कापली तर गुंडाळी सुटते आणि तार कायमची मुकी होते. षट्कोनी गाभ्यात कडा गुंडाळीला पकडून ठेवतात, त्यामुळे तिथे हा धोका फारसा नाही.

तारा कधी बदलायच्या

महिने मोजत बसण्यापेक्षा तारेखालून नख फिरवून बघा. फ्रेटच्या जागी खळगा लागला, काळपट खरखरीत डाग दिसला, किंवा बारावा फ्रेट आणि मोकळी तार एकमेकांशी जुळेनाशी झाली, की ती तार संपली. एक तार जुनी होऊन तुटली असेल तर सेटच बदला, नाहीतर एकच तार वेगळी चमकत राहते.

आधी हाताशी काय हवं

तार कापायचा साइड कटर, खुंट्या फिरवायचा वाइंडर, ट्यूनर, मऊ कापड, मऊ शिशाची पेन्सिल, मिलिमीटर दाखवणारी पोलादी पट्टी आणि तुमच्या ब्रिजला व ट्रस रॉडला (मानेतल्या, तिचा बाक कमीजास्त करणाऱ्या सळीला) बसणाऱ्या ॲलन की. कापताना डोळ्यांवर चष्मा असलेला बरा.

जुन्या तारा उतरवणं

प्रत्येक तार खुंटीवरून पूर्ण सैल करा आणि मगच कापा. ताणलेली तार कापली तर तिचं टोक कुठे जाईल याचा नेम नसतो. टोकं गुंडाळून टेपमध्ये बांधून टाका, सुटी टाकू नका.

सगळ्या तारा एकदम काढल्याने मान बिघडते, ही भीती निराधार आहे. तासाभराने तिला काही होत नाही. ब्रिज स्थिर असेल तर सगळ्या काढा आणि फिंगरबोर्ड साफ करून घ्या. रोझवूड किंवा एबनीला तेलाचे चार थेंब कापडावर घेऊन पुसा. मेपलच्या फिंगरबोर्डवर पॉलिशचा थर असतो, त्याला तेल नको, किंचित ओलं कापड पुरतं. फ्रेट चकाकवायला पोलादी लोकर वापरणार असाल तर आधी पिकअप टेपने पूर्ण झाका, नाहीतर बारीक लोखंडी कीस चुंबकाला चिकटून बसतो.

लेस पॉलच्या जातीच्या गिटारवर ब्रिज आणि टेलपीस (ब्रिजमागे तारांची टोकं धरणारा भाग) दोन्ही फक्त तारांच्या ताणाने जागेवर असतात. तारा गेल्या की ते निखळून पडतात आणि बॉडीवर टवका उडतो. टेलपीसला टेप लावा आणि ब्रिजची कोणती बाजू मानेकडे होती ते बघून ठेवा.

तरंगता ट्रेमोलो (बॉडीला न टेकता तोलावर राहणारा) असेल तर मात्र एकेक तार काढून एकेक चढवा. सगळ्या काढायच्याच असतील तर आधी ब्रिजच्या ब्लॉकखाली लाकडाचा तुकडा किंवा घडी घातलेला पुठ्ठा असा बसवा की ब्रिज हलणार नाही.

नव्या तारा चढवण्याआधी नटच्या खाचांत पेन्सिलीचं शिसं घासा. खुंटी फिरवताना ‘टिक’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे. बहुतेक वेळा ही तिसरी तार असते. शिशाने भागलं नाही आणि तुम्ही गेज वाढवलं असेल, तर खाच त्या जाडीच्या फाइलने रुंद करून घ्यावी लागते. खोली वाढवायची नाही, फक्त रुंदी. हे काम पहिल्यांदा करताना जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

चढवणं: खुंटीवरचे वेढे

ब्रिजमधून तार ओवा आणि टोकाची गोळी पक्की बसेपर्यंत एक हलका हिसका द्या. गोळी तिरकी अडकलेली असेल तर पुढे दोन दिवस ती बसत राहते आणि स्वर उतरत राहतो.

आता सगळ्यांत जास्त चुका होतात ती जागा. खुंटीचा दांडा साधारण सहा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे एका वेढ्याला जवळपास दोन सेंटिमीटर तार लागते. जाड तारांना अडीच वेढे, साध्या तारांना साडेतीन ते चार वेढे पुरतात. म्हणून जाड तारेला ५ सेंटिमीटर आणि साध्या तारेला ७ ते ८ सेंटिमीटर ढील हवी.

ती अशी मोजा. खुंटीचं भोक मानेच्या रेषेत आणा, तार त्यातून ओवून पूर्ण ताणा. मग नटजवळ तार चिमटीत धरून तेवढे सेंटिमीटर ब्रिजच्या दिशेने मागे ओढा. भोकातून बाहेर आलेलं टोक काटकोनात घट्ट वाकवा, म्हणजे खुंटी फिरताना तार भोकातून निसटणार नाही. उजव्या हाताच्या तर्जनीने तार नटजवळ किंचित वर ओढून ताणलेली ठेवा, डाव्या हाताने वाइंडर फिरवा. पहिला वेढा भोकाच्या लगेच खाली, पुढचा त्याच्या खाली, एकावर एक न चढता. वेढे खाली उतरत गेले की तार नटवर चांगली दाबून बसते. एकावर एक चढलेले वेढे प्रत्येक बेंडसरशी आवळत जातात, आणि तार ‘उतरते’ असं वाटतं ते तेच.

दिशाही बघा. हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असतील तर सगळ्या तारा दांड्यांच्या आतल्या बाजूने जातात. सहाही एका रांगेत असतील तर तार खुंट्यांच्या कानांपासून दूरच्या बाजूने जाते. चुकीच्या दिशेने गुंडाळलेली तार वाजते, पण खुंटी उलटी फिरवावी लागते आणि नटवर तार कोन खाते.

साध्या तारा गुळगुळीत असल्यामुळे घसरतात. त्यांना एक गाठ घाला: भोकातून आलेलं टोक खुंटी ज्या दिशेला फिरणार तिच्या उलट दिशेने दांड्याभोवती वळवा, मुख्य तारेखालून काढा, वर ओढून तिच्यावरून मागे दुमडा. खुंटी फिरली की मुख्य तार स्वतःच ते टोक दाबून धरते. अशी गाठ घातली की दोन-तीन वेढेही पुरतात.

दांड्याला वरून चीर असलेल्या जुन्या पद्धतीच्या खुंट्यांमध्ये तार आधी कापावी लागते. खुंटीपासून पुढे ५ ते ६ सेंटिमीटर मोजा, तिथे काटकोनात वाकवा, वाकवल्याच्या पुढे कापा, टोक मधल्या भोकात सरळ खाली घाला आणि गुंडाळा. लॉकिंग खुंट्यांना वेढ्यांची गरज नाही: तार ताणून ओवा, मागचा स्क्रू बोटाने घट्ट करा, अर्धा-पाऊण वेढ्यात स्वर लागतो. तो स्क्रू पक्कडीने आवळू नका.

जादा टोक स्वर लागल्यावर कापा, ३–४ मिलिमीटर ठेवून.

सूर लावणं आणि ताणून घेणं

पहिली तार लावताना सावध राहा. ट्यूनर ‘ई’ एवढंच दाखवतो, कुठल्या सप्तकातला ते साधा ट्यूनर सांगत नाही. सहावी ई ८२.४ हर्ट्झ, पहिली ई ३२९.६ हर्ट्झ. काटा ई ओलांडून एफ, जी असा पुढे चालला आणि तार काचेसारखी ताठ लागली, तर थांबा. त्यापुढे ती तुटणारच.

स्वर नेहमी खालून वर लावा. वर गेला तर पुरेसा खाली आणा आणि पुन्हा चढवा, म्हणजे खुंटीच्या दातांतली ढील निघते.

सहाही तारा एकदा लागल्या की प्रत्येक तार बाराव्या फ्रेटच्या आसपास धरून बॉडीपासून सरळ वर एक-दोन सेंटिमीटर उचला, सोडा, पुन्हा सूर लावा. पहिल्या वेळी पाऊण-एक स्वर उतरेल, दुसऱ्या वेळी निम्मा, चौथ्या-पाचव्या वेळी जवळपास काहीच नाही. इथे पोलाद लांबतं ते फार थोडं, मुख्यतः वेढे आणि गोळी आपापल्या जागी घट्ट बसतात. पाचव्यांदाही तेवढीच उतरत असेल तर ओढत बसू नका, वेढे उलगडून पुन्हा घाला.

ट्रेमोलोचा तोल

तरंगत्या ब्रिजवर एका बाजूला तारा आणि दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगा ओढत असतात. गेज वाढवलं की तारा जिंकतात आणि ब्रिज मागच्या बाजूने वर उचलला जातो. मग एक तार लावावी तर आधी लावलेल्या पाच उतरतात. यावर उपाय खुंट्यांत नाही. मागचं झाकण उघडा, स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा, सगळ्या तारा पुन्हा सुरात लावा, ब्रिज बघा. ब्रिज हवा तिथे येईपर्यंत हेच. स्ट्रॅटच्या ट्रेमोलोला मागच्या कडेखाली साधारण ३ मिलिमीटर जागा असावी. बारीक तारांवर आलात तर हेच स्क्रू सैल करायचे.

फ्लॉइड रोझ या तारा दोन्ही टोकांना लॉक करणाऱ्या ट्रेमोलोमध्ये आधी नटवरचे लॉक काढा आणि ब्रिजवरचे फाइन ट्यूनर (स्वर किंचित हलवणारे स्क्रू) मधोमध आणा. तारेची गोळी तिच्या वरच्या पिळलेल्या गुंडाळीसकट कापून टाका. उघडं टोक सॅडलच्या चिमट्यात तळापर्यंत घाला आणि ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने घट्ट करा. ताकद लावून आवळलं तर चिमट्यातला छोटा ठोकळा फुटतो. सूर लावा, ताणून घ्या, ब्रिज बॉडीला समांतर आला का बघा, तारा पूर्ण स्थिर झाल्यावरच नट लॉक करा. घाईने लॉक केलं तर फाइन ट्यूनर थोड्याच वेळात शेवटाला टेकतात आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

मान, उंची, इंटोनेशन

गेज तेच असेल तर हा भाग फक्त तपासून सोडा. बदललं असेल तर याच क्रमाने करा, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मान बॉडीला जिथे जोडली आहे तिथल्या फ्रेटवर सहावी तार दाबा, आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट बघा. ०.२५ मिलिमीटर म्हणजे दहाच्या तारेच्या जाडीएवढी फट ठीक. पहिली तार कापल्यावर उरलेला तुकडा फटीत सरकवून मोजता येतं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. जोर लागायला लागला तर तिथेच थांबा.

मग तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर पहिल्या तारेखाली दीड, सहाव्या तारेखाली दोन मिलिमीटर ही चांगली सुरुवात.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे स्वर खरा लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मानेपासून लांब न्या, उतरा असेल तर मानेकडे आणा. सॅडल हलवण्याआधी तार थोडी सैल करा, हलवल्यावर पुन्हा सूर लावा, मग मोजा. हे जुन्या तारांवर करण्यात वेळ घालवू नका. खळगे पडलेल्या तारेवर आकडे कधीच जुळत नाहीत.

तार तुटते तेव्हा

तुटलेला तुकडा फेकण्याआधी तो कुठे तुटला ते बघा. एकच तार पुन्हा पुन्हा सॅडलवर तुटत असेल तर सॅडलला धार आली आहे. हजार नंबरचा पॉलिश पेपर किंवा जुन्या गुंडाळ्या तारेचा तुकडा त्या जागी पुढेमागे घासून कड मोडा. खुंटीपाशी तुटत असेल तर भोकाच्या कडेला खवला आहे, किंवा तार एकाच जागी वाकवून सरळ करून पुन्हा वाकवली गेली आहे. नटवर तुटत असेल तर खाच अरुंद आहे. पिक लागतो तिथे मधोमध तुटली असेल तर ती गंजून संपलेली होती. गोळीपाशी तुटली तर तिथली पिळलेली गुंडाळी सॅडलपर्यंत येते आहे का बघा. लेस पॉलच्या जातीच्या ब्रिजवर टेलपीस फार खाली असला की तार ब्रिजच्या मागच्या कडेवर मोडून बसते, आणि टेलपीस दोन-तीन फेरे वर घेतला की तिथलं तुटणं थांबतं.